चित्र, गोष्ट आणि सिनेमा: नैराश्य आणि बायपोलरच्या उपचारांना घरून जोड कशी द्यावी

घरात कुणाला नैराश्याचं किंवा बायपोलर आजाराचं (ज्यात मन कधी खोल खाली जातं, तर कधी उत्साहात अति चढतं) निदान झालं की नातेवाइकांकडून दोन सल्ले हमखास येतात. ‘कशात तरी मन रमव’ आणि ‘चांगलं काहीतरी वाच, सिनेमा बघ’. सल्ल्यामागची माया खरी असते. मग रंगांची पेटी येते, पुस्तकं येतात, आणि आठवडाभर ती टेबलावर तशीच पडून राहतात. घरच्यांना वाटतं, हा प्रयत्नच करत नाही. आजारी माणसाला वाटतं, आपल्याला एवढंसुद्धा जमत नाही. मदत म्हणून आणलेल्या वस्तूचंच ओझं होतं.

कलेचा उपयोग होतो, याबद्दल मला शंका नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य या विषयावरच्या ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या २०१७ च्या कोक्रेन आढाव्यात नैराश्याच्या नेहमीच्या उपचारांना संगीतोपचारांची जोड दिली, तर निदान थोड्या काळापुरता जास्त फरक पडतो, असं दिसलं. त्यातला ‘जोड’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आणि घरी हे करताना सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते आजाराच्या टप्प्याकडे. ज्या आठवड्यात माणूस अंथरुणातून उठत नाही, त्या आठवड्यात कादंबरी हातात देऊन काही होत नाही. ज्या आठवड्यात तो रात्रभर जागा आहे, त्या आठवड्यात मोठा कॅनव्हास आणून देणं धोक्याचं ठरू शकतं. म्हणून आधी टप्पा ओळखायचा आणि मग साधन निवडायचं. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे.

डॉक्टरांना आधी सांगा

चित्र काढू लागला म्हणून गोळ्या कमी करायच्या नाहीत. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मनानेच औषध बंद करणं हे आजार उलटण्याचं नेहमीचं कारण आहे. पुढच्या भेटीत मनोविकारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना सांगा की आम्ही घरी असं काही सुरू करतोय. कोणते विषय सध्या टाळावेत आणि कोणती लक्षणं दिसली तर लगेच कळवावं, हेही विचारून घ्या.

औषधांचे काही परिणाम थेट या कामात आडवे येतात, आणि ते माहीत नसले की गैरसमज होतात. बायपोलरवरच्या लिथियम या औषधामुळे काहींच्या हाताला बारीक कंप येतो. अशा वेळी बारीक ब्रश किंवा सुई हातात दिली की माणूस वैतागतो. त्याऐवजी जाड तेलखडू, रुंद ब्रश किंवा मातीकाम द्या, आणि कंपाबद्दल डॉक्टरांना सांगा. काही गोळ्यांनी सकाळी गुंगी राहते, काहींनी सुरुवातीला नजर धूसर होते. त्यामुळे ‘रोज सकाळी सातला वाचायचं’ असा नियम करू नका. दिवसात कोणत्या वेळी त्याला जरा हलकं वाटतं ते बघा. नैराश्यात बऱ्याच जणांची सकाळ सगळ्यात जड असते आणि चार-पाच वाजल्यानंतर थोडी उभारी येते.

भिंतीवरच्या कॅलेंडरचे चौकोन

टप्पा ओळखण्यासाठी सगळ्यात साधं साधन बहुतेक मराठी घरांत टांगलेलं असतंच. दूधवाल्याचे खाडे आणि गॅस लावल्याची तारीख ज्याच्यावर लिहितो तेच कॅलेंडर. आजारी व्यक्तीसाठी वेगळी प्रत घ्या आणि चार रंगीत पेन्सिली तिच्याजवळ ठेवा. मन खूप खाली असेल तर निळा, मध्यम असेल तर हिरवा, जास्त चढा असेल तर नारिंगी, चिडचिड किंवा तगमग असेल तर लाल. रंग कोणते ते त्या व्यक्तीनेच ठरवावं. रोज रात्री जेवणानंतर त्या दिवसाचा चौकोन तिने रंगवायचा आणि कोपऱ्यात झोपेचे तास आकड्यात लिहायचे. एवढंच.

याला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत नाही, म्हणून वाईट दिवसांतही ते होतं. महिन्याभरात जे पान तयार होतं त्यावरून डॉक्टरांना पाच मिनिटांच्या भेटीत कितीतरी कळतं. झोप सातवरून पाचावर, पाचावरून साडेतीनवर आली आणि चौकोन नारिंगी होत गेले, हे तोंडी सांगताना निसटतं. कागदावर निसटत नाही. शिवाय ज्याला आजार आहे त्याच्याच हातात ही नोंद राहते. घरच्यांनी त्याच्या वतीने रंगवू नये. एखादा चौकोन कोरा राहिला तर राहू द्या.

दर पंधरा दिवसांनी पीएचक्यू-९ ही नैराश्याची तीव्रता मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावलीही भरता येते. ती मराठीत उपलब्ध आहे. मागच्या दोन आठवड्यांबद्दलच्या प्रश्नांना ० ते ३ गुण द्यायचे, एकूण २७ पर्यंत. बेरीज १० किंवा जास्त असेल तर डॉक्टरांशी बोलावं. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर बेरजेची वाट न बघता त्याच दिवशी बोलायचं.

खोल नैराश्यात: आधी हात, मग डोकं

खोल नैराश्यात एकाग्रता जाते. त्याच ओळीवरून नजर चार वेळा फिरते आणि काही आत जात नाही. म्हणून या टप्प्यात पुस्तक आणि सिनेमा दोन्ही बाजूला ठेवा. सुरुवात हाताने करायच्या कामापासून करा. यामागचं कारण मानसोपचारातलं चांगलं तपासलेलं आहे. उत्साह आल्यावर काम करू, असं म्हटलं तर नैराश्यात तो उत्साह येतच नाही. लहानसं काम आधी करावं लागतं आणि उभारी त्याच्या मागून, उशिराने येते. याला वर्तनसक्रियता म्हणतात, आणि नैराश्यावरच्या प्रभावी मानसोपचारांत तिची गणना होते.

कोरा कागद देऊ नका. कोरा कागद निर्णय मागतो आणि निर्णय घेणं हेच या आजारात अवघड झालेलं असतं. २००५ मध्ये अमेरिकेत करी आणि कॅसर या संशोधकांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात ठरावीक आकृतिबंध रंगवणाऱ्यांची बेचैनी कोऱ्या कागदावर रंगवणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाली. प्रयोग आजारी माणसांवर नव्हता हे खरं, पण दिशा पटण्यासारखी आहे. आपल्याकडे याला तयार साधन आहे, ते म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. सात ते सात ठिपके, रेषा कुठून कुठे जाणार ते ठरलेलं, चूक झाली तर बोटाने पुसता येते. जमिनीवर बसवत नसेल तर चौकटीच्या वहीत पेनाने काढली तरी चालते. गोधडीचे तुकडे जोडणं, जुन्या मासिकांतली चित्रं कापून चिकटवणं, वाती वळणं, माती मळणं हेही याच जातीचं काम.

चित्रं चिकटवण्याचं काम घरी कसं सुरू होतं ते जरा जवळून बघू. आई जुने दिवाळी अंक, कात्री आणि डिंक घेऊन मुलाच्या खोलीतच बसते.

‘आई, नको ना. मला काही सुचत नाहीये.’

‘सुचायला नकोय रे. तू नुसतं काप. निळं दिसेल ते काप. मी चिकटवते.’

तो दोन तुकडे कापून पडून राहतो. आई ते दोन चिकटवते, कागदावर तारीख घालते आणि म्हणते, ‘झालं आजचं.’ खरंच झालं. दहा मिनिटं पुरेशी आहेत. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तेच. आईने ‘किती सुंदर!’ म्हणायची गरज नाही. खोटं कौतुक या टप्प्यात लगेच ओळखू येतं आणि लागतंही. ‘हा निळा कालच्यापेक्षा गडद आहे’ असं जे दिसतं तेच म्हणावं.

आणि अर्थ लावू नका. काळा रंग वापरला म्हणजे उदास, सूर्य काढला म्हणजे बरा झाला, असा कोश नाही. प्रशिक्षित कलोपचारकसुद्धा चित्र काढणाऱ्यालाच विचारतात, ‘इथे काय चाललंय, सांगशील?’ उत्तर आलं नाही तर विषय सोडून द्यायचा. चित्र त्याचं आहे. ते परवानगीशिवाय नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर किंवा स्टेटसवर टाकू नका, कितीही आनंद झाला तरी. एकदा तसं झालं की पुढची चित्रं लोकांसाठी काढली जातात किंवा काढलीच जात नाहीत.

थोडं सावरल्यावर: गोष्टी

कॅलेंडरवर हिरवे चौकोन दिसू लागले, वर्तमानपत्रातली एखादी बातमी पूर्ण वाचून होऊ लागली, की गोष्टींकडे वळता येतं. कादंबरी नको, लघुकथा घ्या. दिवाळी अंकांतून त्या भरपूर मिळतात. पहिले काही दिवस दुसऱ्या कुणी मोठ्याने वाचावं आणि त्याने ऐकावं. ऐकताना डोळे मिटता येतात, चेहरा लपवता येतो, याचं मोल मोठं आहे.

गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारू नका. शाळेने लावलेली ही सवय इथे नुकसान करते, कारण तात्पर्याच्या मागे उपदेश दडलेला असतो आणि आजारी माणूस उपदेशाने आधीच बेजार असतो. विचारायचंच तर असं विचारा: ‘कुठे थांबावंसं वाटलं?’ ‘या बाईला त्या रात्री कुणाची गरज होती?’ पात्राबद्दल बोलता बोलता माणूस स्वतःबद्दल बोलू लागतो. ‘मला भीती वाटते’ म्हणणं कठीण असतं, ‘तिला भीती वाटली असणार’ म्हणणं सोपं. तो ‘ती’ म्हणत असेल तर तुम्हीही ‘ती’च म्हणा. ‘म्हणजे तुलाही तसंच वाटतं ना?’ म्हणून त्याचा आडोसा काढून घेऊ नका. मला विचाराल तर गोष्टींच्या वापरातलं हे सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात उपयोगी अंग आहे.

स्वतःची गोष्ट सांगण्याची एक रीत ऑस्ट्रेलियातले मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडमधले डेव्हिड एप्स्टन या कुटुंबोपचारकांनी रूढ केली. आजाराला माणसापासून वेगळं काढायचं, त्याला एक नाव द्यायचं आणि त्याच्याबद्दल तिसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं बोलायचं. समजा, नाव ठेवलं ‘मळभ’. मग ‘मी आळशी झालोय’ या वाक्याच्या जागी ‘मळभ सकाळी माझ्याआधी उठतं’ असं वाक्य येतं. पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. मळभ कधी येतं? कुणासमोर त्याचा जोर कमी होतो? मागच्या महिन्यात एकदा तरी त्याचं न ऐकता काही केलंस का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवावं, ते पुढे कामी येतं.

घरातली आजारी व्यक्ती वयस्कर असेल, लिहायची सवय नसेल, तर ओवीकडे वळा. जात्यावर बसून बायकांनी दुःख, राग, माहेरची ओढ सगळं ओवीत सांगितलं, आणि ओवीत ऐकणारं कुणीतरी कायम असतं: सखी, भाऊ, आई, विठ्ठल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह आता ‘पारी’ या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येतो आहे, आवाजासकट. आजीला त्यातल्या काही ऐकवा. तिच्या तोंडून एखादी जुनी ओवी निघाली तर फोनवर ध्वनिमुद्रित करू का, असं विचारा. मग म्हणा, ‘आजी, आजची एक सांग ना. कुणाला सांगायचीय?’ ऐकणारं कोण ते ठरलं की शब्द सुचायला सोपं जातं.

एकट्याने लिहिण्याबद्दल मात्र सावध राहायला हवं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ पासून मांडलेली पद्धत प्रसिद्ध आहे: मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल दिवसाला १५-२० मिनिटं, तीन-चार दिवस, व्याकरणाची फिकीर न करता लिहायचं. पण खोल नैराश्यात माणूस लिहिता लिहिता त्याच त्या विचारांत गोल फिरत राहतो आणि लिहून उठतो तो जास्तच खचलेला. म्हणून तीव्र टप्प्यात किंवा एखादा आघात नुकताच झालेला असताना हा प्रयोग समुपदेशकाच्या देखरेखीशिवाय करू नये. सावरल्यावर करायचा झाला तर गजर लावा, झोपण्याआधी लिहू नका आणि शेवटची दोन वाक्यं ‘आज संध्याकाळी मी काय करणार’ यावर लिहा. काम छोटंच असू दे: वाण्याकडे जाणं, झाडांना पाणी घालणं.

सिनेमा: सोबत, थांबत, शेवट आधी सांगून

सिनेमा सगळ्यात सोपा वाटतो आणि जपून वापरायला सगळ्यात अवघड तोच. आवाज, चेहरे, संगीत सगळं एकदम अंगावर येतं. म्हणून निवडलेला सिनेमा तुम्ही आधी एकट्याने बघा. त्यात आत्महत्येचा प्रसंग आहे का, मारहाण आहे का, पात्र ज्या परिस्थितीतून जातं ती घरातल्या माणसाच्या फार जवळची आहे का, हे लक्षात घ्या. आत्महत्येचं तपशीलवार चित्रण धोक्यात असलेल्या माणसाला आणखी धोक्यात ढकलू शकतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. याची उलटी बाजूही आहे. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०१० मध्ये ऑस्ट्रियातल्या वर्तमानपत्रांचा अभ्यास केला. संकटातला माणूस मार्ग काढून जगला, अशा मजकुरानंतर आत्महत्या कमी झाल्याचं त्यांना आढळलं. तेव्हा दुःखाचे सिनेमे नकोत असा नियम करू नका. दुःखातला माणूस पुढे काय करतो, ते बघून निवडा.

मराठीत ‘कासव’ हा या कामासाठी मला फार मोलाचा वाटतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा २०१६ चा चित्रपट. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं, आणि त्याच्या निर्मात्यांमध्ये स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेले डॉ. मोहन आगाशे आहेत. नैराश्यात बुडालेला तरुण आणि त्याच्यावर प्रश्नांचा भडिमार न करता त्याला घरात थारा देणारी जानकी, एवढ्यावर तो उभा आहे. घरच्यांनी तो आधी स्वतःसाठी बघावा. रुग्णासोबत बघण्याची घाई करू नये, कारण त्यात तरुणाने जीव देण्याचा केलेला प्रयत्न आहे. अलीकडेच तसा प्रसंग घडलेल्या घरात तो डॉक्टरांना विचारूनच लावावा.

बघण्याची वेळ दुपारची किंवा संध्याकाळची ठेवा, रात्री उशिराची नको. कथा आणि शेवट आधीच सांगून टाका. उत्सुकता कमी होते, पण धसकाही कमी होतो, आणि इथे तेच हवंय. रिमोट आजारी व्यक्तीच्या हातात द्या. पंचवीस-तीस मिनिटांचे तुकडे करून दोन-तीन दिवसांत संपवला तरी चालेल. बंद केल्यावर लगेच ‘काय वाटलं?’ विचारू नका. चहा टाका, पाय मोकळे करून या. मग एकच प्रश्न: ‘तू तिथे असतास तर त्याला काय म्हणाला असतास?’ या प्रश्नात तो सल्ला देणारा होतो. महिनोन् महिने फक्त सल्ले ऐकलेल्या माणसाला ही जागा क्वचित मिळते.

मालिकांचे भाग ओळीने रात्रभर बघत बसणं मात्र यात धरू नका. त्याने झोप जाते, आणि मूडच्या आजारात झोप जाणं फार महागात पडतं.

चढत्या मूडमध्ये: सगळं कमी करायचं

बायपोलरच्या घरात एक प्रसंग येतोच. कित्येक महिने मलूल पडलेली मुलगी एकदम रंग आणते, रात्री दोनपर्यंत चित्रं काढते, भरभरून बोलते, प्रदर्शन भरवायचं म्हणते. घर आनंदून जातं. त्या आनंदाला धक्का द्यायला कुणालाच आवडत नाही, पण त्याच वेळी कॅलेंडर बघा. झोप चारच तास आणि तरी थकवा नाही, बोलण्याचा वेग वाढलाय, पैसे सुटतायत, अडवलं की राग येतोय. असं असेल तर ती कदाचित उन्मादाची सुरुवात आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

या टप्प्यात कला बंद करायची नाही, तिचा आकार आणि वेळ बांधायची. वहीच्या पानाएवढा कागद. दोन-तीन रंग. दिवसातून एकदा, अर्धा तास, तोही उजेडात. संध्याकाळनंतर सामान उचलून ठेवायचं. पुन्हा तीच ठिपक्यांची रांगोळी, विणकाम, एकाच आकाराची नक्षी असं शांत आणि परत परत करण्याचं काम द्या. मोठा कॅनव्हास, ढोल-ताशाचा सराव, थरारपट, नवी कादंबरी लिहायला घेणं हे सगळं पुढे ढकला. ‘नाही’ म्हणण्याऐवजी ‘कल्पना वहीत लिहून ठेव, पंधरा दिवसांनी बघू’ असं म्हटलं तर भांडण टळण्याची शक्यता जास्त.

‘औषधाने माझी कला मरेल’ ही भीती खरी असते, ती झटकून टाकू नका. डेन्मार्कचे मनोविकारतज्ज्ञ मोगेन्स शू यांनी १९७९ मध्ये लिथियम घेणाऱ्या २४ कलावंतांना त्यांच्या निर्मितीबद्दल विचारलं होतं. १२ जणांनी ती वाढल्याचं सांगितलं, सहा जणांनी फरक नसल्याचं आणि सहा जणांनी कमी झाल्याचं. ज्यांना ती कमी झाल्यासारखी वाटते त्यांनी ते डॉक्टरांसमोर उघड बोलावं. मात्रा किंवा औषध बदलता येतं का, हे तेच ठरवू शकतात.

लगेच थांबून मदत घ्यायची वेळ

चित्रात, गोष्टीत किंवा सिनेमावरच्या बोलण्यात मरणाचे उल्लेख वारंवार येऊ लागले, वस्तू वाटून टाकणं किंवा निरोपाची भाषा दिसली, तर सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका, गोळ्या, कीटकनाशकं आणि धारदार वस्तू हाताबाहेर ठेवा आणि डॉक्टरांना गाठा. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

बरं असतानाची पेटी

हे आजार पुन्हा डोकं वर काढू शकतात, आणि तेव्हा काय आवडतं ते आठवत नाही. म्हणून बरं असताना एक पेटी करायची. तिच्यात तेलखडू, ठिपक्यांची वही, दोन-तीन छोट्या कथा, आधी बघून आवडलेल्या चार सिनेमांची यादी, मागच्या वेळी मळभाचं न ऐकता केलेल्या गोष्टींची चिठ्ठी, रंगवलेल्या कॅलेंडरची पानं आणि डॉक्टरांचा क्रमांक. वर एक कागद, त्याच व्यक्तीच्या हस्ताक्षरात: मी खाली असेन तेव्हा यातलं काय द्या, चढी असेन तेव्हा काय लपवा, आणि मला काय म्हणू नका. या कागदाची एक प्रत डॉक्टरांच्या फाइलला लावा, एक घरातल्या ज्या माणसाचं ती ऐकते त्याच्याकडे द्या, आणि दर सहा महिन्यांनी दोघांनी बसून त्यातलं काय बदलायचं ते बघा.